माळ्यावरची दुनळी

पत्र (थोडक्यात): आम्ही आर्वी तालुक्यातले. पणजोबांपासून मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी होती. ती गेली, वाडाही अर्धा पडला. दोन वर्षांपूर्वी बाबा वारले. माळा साफ करताना गोधडीत गुंडाळलेली दुनळी बंदूक निघाली, एक ठासणीची भरमार (तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक) निघाली, टिनाच्या डब्यात दहा-बारा काडतुसं आणि बाबांच्या नावाची परवान्याची वही. वहीवरचं शेवटचं नूतनीकरण बाबा आजारी पडायच्या आधीचं आहे. भरमारीचा घोडा तुटलेला आहे, ती चालत नाही. दसऱ्याला दोन्ही खाली आणून पूजा करतो आणि पुन्हा वर ठेवतो. मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, म्हणतात, "घरची चीज हाये, कोनाले काहून सांगाचं?" चुलतभाऊ म्हणतो, नळी कापून विकून टाक, गिऱ्हाईक माझ्याकडे आहे. मला मात्र दोन्ही ठेवायच्या आहेत. जुन्या बंदुकांचा नादच लागला आहे, आणखीही जमवाव्या वाटतं. पोलिसांकडे गेलो तर आत टाकतील का? रानडुकरांसाठी दुनळी वापरता येईल का? आणि तिची किंमत किती येईल? सोबत तीन फोटो पाठवतो आहे.

उत्तर:

भाऊ, बंदूक तुमच्याकडे राहावी असं वाटत असेल तर आधी ती तुमच्या घरातून बाहेर गेली पाहिजे. हे तुम्हाला उलटं वाटेल आणि मोठ्या बाबांना तर मुळीच पटणार नाही, पण दुसरी वाट नाही.

परवाना बंदुकीचा नसतो, माणसाचा असतो. बाबा गेले त्या दिवशी त्यांचा परवानाही गेला. त्या दिवसापासून माळ्यावर आहे ती विनापरवाना बंदूक, मग वहीवर कितीही शिक्के असोत. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की कुठल्याही कारणानं शस्त्र जवळ ठेवणं बेकायदेशीर झालं, तर विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. त्याच कलमात पुढे असंही आहे की परवानाधारक वारला असेल तर त्याच्या वारसाला, परवाना मिळाल्यावर, ते शस्त्र परत घेता येतं किंवा विकता येतं. म्हणजे जमा करणं हे सोडून देणं नव्हे. निवडणूक लागली की परवानेवाले आपापल्या बंदुका ठाण्यात ठेवून येतात आणि निकालानंतर घेऊन जातात, हे तुमच्या गावानं दर वेळी पाहिलं आहे.

आत टाकतील का, याचं सरळ उत्तर देतो. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड अशी आहे. गुन्हा नोंदवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आणि नोंदवणारच नाहीत असा शब्द मी देणार नाही. पण बापाच्या मृत्यूचा दाखला आणि परवान्याची वही घेऊन स्वतःहून आलेला मुलगा वेगळा आणि कुणी खबर दिल्यावर झडतीत सापडलेला माणूस वेगळा. दोन वर्षं लोटली आहेत, म्हणून आधी आर्वीतला नाहीतर वर्ध्यातला फौजदारी काम करणारा एखादा वकील गाठा. त्याच्याकडून अर्ज लिहून घ्या. बाबांचं नाव, मृत्यूची तारीख, परवान्याचा क्रमांक, बंदुकीवरचा क्रमांक, काडतुसांची संख्या, कधी आणि कुठे सापडलं, आणि वारस म्हणून परवाना मागायचा आहे, एवढं त्यात यावं. ठाणेदारांना तो अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यांना सांगा की शस्त्रं घरी आहेत, पंचनामा करून घेऊन जा किंवा कशी आणायची ते लेखी सांगा. गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर नेऊ नका. वाटेत नाकाबंदीत अडकलात तर हाच चांगला हेतू सिद्ध करता करता वर्ष जाईल.

जमा करताना निवडीला वाव मिळाला तर परवानाधारक विक्रेता निवडा. तो महिन्याचं भाडं घेईल, पण तेल लावून उभी ठेवेल. ठाण्याच्या मालखान्यात तुमची दुनळी जप्तीच्या कुऱ्हाडी आणि दारूच्या कॅनच्या शेजारी पावसाळा काढेल. पावती दोन्हीकडे नीट वाचून घ्या. 'एक जुनी बंदूक' असं लिहून चालायचं नाही. दोन नळ्या, बाहेरचे घोडे, नळीवरचं गावाचं नाव, क्रमांक, दस्त्यावरची भेग, सगळं त्यात हवं.

आता भरमार. घोडा तुटलाय म्हणून ती शस्त्र नाही असं तुम्ही धरून चालला आहात. कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, दोन्ही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येऊ नये. तुटलेला घोडा कुणीही कसबी लोहार एका दुपारात बसवून देईल. तेव्हा ती सूट तुम्हाला आपोआप मिळत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नियम बदलले आणि 'क्युरिओ' गटातली, म्हणजे जुनी, संग्रहात ठेवण्याजोगी शस्त्रं नुसती जवळ ठेवायला परवान्याची गरज उरली नाही. ती वापरायला, घेऊन फिरायला, इकडून तिकडे न्यायला मात्र परवाना लागतोच. तुमची भरमार त्या गटात बसते की नाही हे ना तुम्ही ठरवायचं, ना मी. जिल्हाधिकारी कार्यालयातून, म्हणजे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, ते लेखी घ्या. गडचिरोलीकडे गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आपल्या भागात भरमार हा शब्द उच्चारला की समोरच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात नक्षलवाद येतो, हे ओळखून बोला.

आणखी एक. ठासणीची बंदूक भरलेल्या अवस्थेत भिंतीला टांगून ठेवायची जुन्या घरांत रीत होती, रात्री-बेरात्री उपयोगी पडावी म्हणून. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्या गेल्या तरी पेट घेते. तुमच्या पणजोबांनी शेवटचा बार काढला की नुसताच ठासला, हे सांगायला कुणी उरलेलं नाही. ती भरलेलीच आहे असं समजा. विक्रेत्याकडचा कारागीर नळीत गज घालून बघेल: गज आत किती गेला आणि नळी बाहेरून किती लांब, यात फरक आला तर तळाशी काहीतरी बसलेलं आहे. हे काम त्याचंच. दसऱ्याला पोरं ती हातात घेऊन फोटो काढत असतील तर ते आजपासून बंद.

काडतुसंही बंदुकीबरोबरच जमा करायची, कारण विनापरवाना काडतुसं बाळगणं हाही गुन्हाच आहे. ती विहिरीत टाकू नका, धुऱ्यावर पुरू नका, चुलीत तर नकोच. फोटोत पुठ्ठ्याची कवचं फुगलेली दिसतात.

तुमच्या तीन फोटोंकडे येतो. कायद्याची वही बाजूला ठेवली तर सगळ्यात जास्त वेळ मी त्यांतच रमलो. पहिल्यात नळ्यांवर बारीक लाटालाटांची नक्षी आहे, सतरंजीच्या विणीसारखी. तुम्हाला ती गंजाची वाटली, पण गंज नाही. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या सळीभोवती गुंडाळून, ठोकून जोडून केलेली ही दमास्कस नळी आहे. ती नक्षी म्हणजे त्या पिळाचेच पदर.

दुसऱ्या फोटोसाठी तुम्ही नळ्या दस्त्यापासून सोडवल्या. पुन्हा सोडवू नका, पण एकदा सोडवल्यात ते बरं झालं. नळ्यांच्या बुडाशी, जी बाजू बंदूक मिटली की दिसत नाही, तिथे मुकुटाच्या छोट्या छापा आहेत आणि त्यांच्याजवळ इंग्रजी अक्षरांत 'नॉट फॉर बॉल', म्हणजे 'अखंड गोळीसाठी नाही'. त्या एका ओळीनं तुमच्या घरच्या बऱ्याच कहाण्या तपासून पाहता येतील. इंग्लंडमध्ये विकायच्या प्रत्येक नळीला सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून पाहत आणि टिकली तर छाप मारत. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ मधलं. पुढे तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या, म्हणजे चोक असलेल्या नळ्या आल्या. छर्रे त्यांतून घट्ट झुपक्यानं जात, पण अखंड गोळी घातली तर नळी फाटायची भीती. म्हणून १८७५ ते १८८७ या काळात अशा नळ्यांवर हे तीन शब्द ठोकत, नंतर ते बदलले. तुमची दुनळी त्या बारा वर्षांतली आहे. आजोबांनी 'नवी कोरी विलायतेहून मागवली' ही घरची गोष्ट मग जुळत नाही. बहुधा पणजोबांनी घेतली, नाहीतर एखाद्या साहेबाकडून हातोहात आली. मोठ्या बाबांना हे आजच सांगू नका.

तिसऱ्या फोटोतली बंदुकीची पेटी रिकामी असली तरी झाकणाच्या आत फाटक्या कागदाचा तुकडा चिकटलेला आहे. तो खरवडू नका. हिंदुस्थानात अशा बंदुका विकणारे बडे दुकानदार कलकत्त्यात होते, मँटन आणि रॉडा त्यांतले नावाजलेले. (रॉडा म्हणजे तेच, ज्यांच्या मालातून ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली.) त्या तुकड्यावर दुकानाचा पत्ता असेल तर बंदूक आपल्याकडे कशी आली त्याचा धागा तिथे सापडेल.

याच नळ्यांमुळे रानडुकरांच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. दमास्कस नळ्या काळ्या दारूच्या हिशेबानं बनवलेल्या. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्या जोरानं दाब टाकते. त्यात त्या काळच्या इंग्रजी बारा बोअरचं घर, म्हणजे काडतूस बसायची जागा, अनेकदा अडीच इंचांचं असतं आणि आजचं सर्रास मिळणारं काडतूस ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंचांचं. ते आत बसतं, बंदूक मिटतेही, म्हणूनच फसगत होते. उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब आणखी चढतो. शंभर वर्षं आतून खात आलेली नळी फाटली तर ती अनेकदा पुढच्या भागात फाटते, आणि तिथे तुमचा डावा हात असतो. डुकरांचं म्हणाल तर त्यांना मारायला वन विभागाची परवानगी लागते. पिकाच्या नुकसानीसाठी तिथेच भरपाईचा अर्ज करा. पुतण्याच्या लग्नात बार काढायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्यालाही आता वेगळं कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाड्याच्या भिंतीवर सांबराची शिंगं असतील तर तो वन्यजीव कायद्याचा विषय. त्यासाठी दुसरं पत्र लिहा.

चुलतभावाला स्पष्ट सांगा: नळी कापणं हा स्वतंत्र आणि जास्त गंभीर गुन्हा आहे. शिवाय कापलेली दमास्कस नळी म्हणजे भंगार.

परवान्यासाठी वारस म्हणून अर्ज करता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी स्वतंत्र तरतूद आहे. बाकीच्या वारसांची संमती, पोलीस चौकशी, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात कुलूपबंद जागा, हे सगळं होईल. वर्ध्याच्या फेऱ्या होतील, चपला झिजतील. जुन्या वहीवर यूआयएन, म्हणजे परवान्याचा राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक, आहे का तेही बघा. तो नसेल तर बाबांचा परवाना बहुधा त्या नोंदीत चढलाच नव्हता, आणि ते अर्जात आधीच कबूल केलेलं बरं.

वारसांच्या संमतीवरून एक विचारतो. बंदूक बाबांच्या नावावर होती, म्हणजे वारस तुम्ही भावंडं आणि आई. मोठ्या बाबांचा मान ठेवा, पण सही त्यांची लागत नाही, बहिणीची लागते. तुमच्या चार पानी पत्रात तिचा उल्लेख एकदाच आहे, तोही 'बहिणीचं लग्न झालेलं आहे' एवढाच. शेताच्या हक्कसोडीवर जशी दहा मिनिटांत तिची सही घेतली जाते तशी ही घेऊ नका. तिला बसवून विचारा. परवाना बाईच्या नावावर होत नाही असं कुठेही नाही, आणि तुमच्यापेक्षा तिलाच या बंदुकीची जास्त ओढ निघाली तर माझ्या मते ती तिच्याकडे जावी.

आणखी बंदुका जमवण्याचा बेत मात्र आवरा. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशानं आलेल्या धरून. तुमच्या या दोन बंदुकांनीच त्या जागा भरतील. नाद लागला असेल तर बंदुकीभोवतीचं सामान जमवा. त्याला ना परवाना लागतो, ना कुणी दार ठोठावतं. दारू ठेवायचं शिंग, छर्रे मोजायचं पितळी माप, चामड्याचा काडतुसांचा पट्टा, साफ करायचे गज, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे कागद. १८७८ च्या कायद्यानं इंग्रजांनी इथल्या माणसाला विनापरवाना हत्यार बाळगायला बंदी केली, तेव्हापासून बंदुकीचा परवाना म्हणजे सरकारदरबारी तुमची पत काय, याचा दाखलाच झाला. कुणाला मिळाला, कुणाचा काढून घेतला, का काढून घेतला, हे जुन्या परवान्यांच्या शेऱ्यांत सापडतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली तेव्हा कितीतरी वाड्यांतून बंदुका विकल्या गेल्या आणि परवान्यांची रद्दी झाली. आर्वी, हिंगणघाट, उमरेडकडच्या पडक्या वाड्यांत ती रद्दी अजून सापडते. बंदूक विकत मागाल तर लोक संशयानं बघतील, जुने कागद मागाल तर चहा पाजतील. मी तरी पन्नास दुनळ्यांपेक्षा असा एक गठ्ठा घेईन. नागपूरच्या अजब बंगल्यातलं शस्त्रांचं दालनही पाहून या. १८६३ चं हे संग्रहालय आपण शाळेच्या सहलीत धावत पाहिलेलं असतं. आता एक पूर्ण दुपार काढून जा.

बंदूक परत मिळाली की तिचं काय करायचं तेही सांगतो, कारण हौशी माणूस पहिल्याच रविवारी तिचा घात करतो. पितांबरी, चिंच, सँडपेपर, काहीही नळीला लावू नका. वरचा तपकिरी थर मुद्दाम चढवलेला असतो. तो घासला की नक्षीही गेली, मोलही गेलं. खोबरेल तेल चिकट होतं, तूप तर नकोच. बंदुकीचं पातळ तेल मऊ सुती कापडावर थोडंसं, पावसाळ्यात जरा जास्त वेळा. चामड्याच्या पेटीत वर्षभर कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि नळी खातं. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे, आणि त्याला लागणारं तेल तुमच्या घाण्यावरच मिळतं: जवसाचं. इंग्रज कारागीर दस्त्याला तेच चोळत. दोन थेंब तळहातावर घ्या, गरम होईपर्यंत चोळा, रात्रभर राहू द्या, जास्तीचं पुसून काढा. तेलाचा बोळा मात्र तसाच चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं कापड आपोआप पेटतं. पसरून वाळवा.

परवाना नाकारला तर कारणं लेखी मागा आणि अपिलाची मुदत चुकवू नका. तेही फसलं तर विक्रेत्यामार्फत दुसऱ्या परवानाधारकाला विकता येईल किंवा संग्रहालयाला देता येईल.

राहिली किंमत. ऐंशीच्या दशकापासून परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला जवळपास बंद आहे, त्यामुळे जुन्या विलायती बंदुकांना आपल्याकडे तिकडच्यापेक्षा जास्त भाव येतो. पण तो नाव असलेल्या कारखान्याच्या, आजचं काडतूस झेपणाऱ्या, कागद पूर्ण असलेल्या बंदुकीला. तुमच्या नळीवर कारागिराचं नाव दिसत नाही, नुसतं बर्मिंगहॅम आहे, आणि नळ्या दमास्कसच्या. म्हणून लाखांची स्वप्नं पाहू नका. शिवाय आज, कागदाशिवाय, ती कायदेशीररीत्या विकताच येत नाही. चुलतभावाच्या गिऱ्हाइकाला एवढंच विचारा की तुझा परवाना दाखव आणि व्यवहार विक्रेत्याच्या वहीत नोंदवू. तो पुन्हा फोन करणार नाही.